तांब्यावर शाईची रेघ: जुन्या पेन प्लॉटरने घरी सर्किट बोर्ड कसा तयार होतो

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात बहुस्तरीय सर्किट बोर्डांचाही समावेश केला. ‘पीसीबी’ (प्रिंटेड सर्किट बोर्ड) हे नाव त्यामुळे बातम्यांत वरचेवर येऊ लागले आहे. पण मोबाईलपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक उपकरणाच्या पोटात असलेला हा हिरवा बोर्ड तयार कसा होतो, हे बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते, कारण ते काम कारखान्याच्या बंद दारांआड चालते. दुसरीकडे काही हौशी मंडळी १९८० च्या दशकातले, कार्यालयांतून केव्हाच बाद झालेले पेन प्लॉटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवरून पेनाने रेषा काढणारी यंत्रे, दुरुस्त करतात आणि त्यांच्याकडून तांब्याच्या पत्र्यावर सर्किट काढून घेतात. वरवर पाहता हा केवळ जुन्या यंत्रांचा लळा वाटेल. प्रत्यक्षात बोर्ड समजून घेण्याचा इतका उघड, डोळ्यांदेखत घडणारा मार्ग क्वचितच दुसरा सापडेल. तो नीट पाहिला की एक अनपेक्षित गोष्ट लक्षात येते: चाळीस वर्षांचे जुने यंत्र अचूकतेत फारसे कमी पडत नाही. बोर्ड साधतो की बिघडतो, हे शाई ठरवते.

बोर्डावर असते तरी काय?

काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी यांपासून दाबून तयार केलेला, साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा, वीज न वाहू देणारा एक कडक पत्रा असतो. त्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना तांब्याचा अतिशय पातळ थर चिकटवलेला असतो. या थराची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहूनही थोडी अधिक. बाजारात याला ‘कॉपर क्लॅड’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात तो कापून मिळतो.

या अखंड तांब्यातून हवा तेवढाच भाग शिल्लक ठेवायचा आणि बाकीचा काढून टाकायचा, एवढीच मूळ कल्पना आहे. शिल्लक राहिलेल्या अरुंद पट्ट्या तारांचे काम करतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. सुट्या भागांचे पाय जिथे डाखले जातात, त्या टिकल्यांना पॅड म्हणतात. व्हिएन्नात जन्मलेले आणि १९३६ मध्ये इंग्लंडला गेलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९४३ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याआधी रेडिओच्या आत प्रत्येक जोडणी हाताने तार ओढून करावी लागत असे.

नको असलेले तांबे काढण्यासाठी घरगुती कामात बहुधा फेरिक क्लोराईडचे द्रावण वापरतात. त्याची तांब्याशी रासायनिक क्रिया होते आणि तांबे विरघळून द्रावणात उतरते; या क्रियेला एचिंग म्हणतात. जे तांबे वाचवायचे, त्यावर आधीच द्रावणाला दाद न देणारे आवरण चढवावे लागते. त्याला रेझिस्ट म्हणतात. बोर्ड बनवण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धतींमधला फरक हे आवरण नेमक्या जागी कसे चढवायचे, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतो. पेन प्लॉटरचे उत्तर सर्वांत सरळ आहे: पेन घ्यावे आणि काढावे.

प्लॉटर प्रिंटरपेक्षा वेगळा कसा?

आजचा प्रिंटर चित्राचे बारीक ठिपक्यांत तुकडे करतो आणि कागद पुढे सरकत असताना ओळीमागून ओळ ठिपके उमटवतो. रेषा म्हणून काही असते, हे त्याला ठाऊकच नसते. पेन प्लॉटर मात्र खरोखरचे पेन उचलतो, ते रेषेच्या सुरुवातीला नेतो, खाली टेकवतो आणि रेषेच्या शेवटापर्यंत ओढत नेतो. कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ हा प्लॉटर १९५९ चा आहे. हौशी लोकांच्या हाती आज बहुधा सापडतो तो ह्यूलेट-पॅकार्डचा ७४७५ए, १९८३ मध्ये आलेला, सहा पेनांचा, ए-३ आकारापर्यंतचा कागद घेणारा. स्थापत्य कार्यालये, प्रयोगशाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून अशी यंत्रे वर्षानुवर्षे राबली. पुढे १९९१ मध्ये त्याच कंपनीने मोठ्या कागदावर छापणारा डिझाइनजेट हा इंकजेट आणला आणि पेनांचा जमाना ओसरू लागला.

या यंत्रांशी बोलण्याची भाषा एचपीजीएल या नावाने ओळखली जाते आणि ती कमालीची साधी आहे. ‘एसपी’ म्हणजे अमुक क्रमांकाचे पेन घे, ‘पीयू’ म्हणजे पेन उचल, ‘पीडी’ म्हणजे पेन टेकव, ‘व्हीएस’ म्हणजे या वेगाने चाल. जागा सांगण्यासाठी आडवा आणि उभा असे दोन आकडे दिले जातात आणि ४० एकके मिळून एक मिलिमीटर होतो. पेन शून्यावर टेकवून ‘पीडी १०१६, ०’ अशी आज्ञा दिली, तर यंत्र बरोबर २५.४ मिलिमीटरची, म्हणजे एक इंचाची आडवी रेघ ओढते. जगातल्या कोणत्याही संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये या आज्ञा हाताने लिहिता येतात. यंत्राचे दस्तऐवज हरवले, कंपनीने पाठिंबा थांबवला, संगणकाच्या पिढ्या बदलल्या, तरी ते चालवता येते, याचे श्रेय या साधेपणाला द्यायला हवे.

एक अडचण मात्र येते. या यंत्राची स्मृती अवघी किलोबाइटभर असते. संगणकाने फाइल एकदम धाडली तर आज्ञा मध्येच गळतात आणि पेन भलतीकडे धावत सुटते. म्हणून ‘थांब’ आणि ‘आता पाठव’ असे संकेत दोन्ही बाजूंनी पाळले जातील, अशी जोडणी करावी लागते. यूएसबीला जुन्या सिरियल तारेशी जोडणारे स्वस्त जोडतुकडे मिळतात, परंतु या संकेतांच्या तारा आत खरोखर जोडलेल्या आहेत का, हे तपासूनच ते घ्यावेत.

कारखान्यालाही पेनाचीच भाषा कळते

आज कुठल्याही कारखान्याकडून बोर्ड करून घ्यायचा असेल, तर बहुधा ‘गर्बर फाइल’, म्हणजे बोर्डाचा आराखडा सांगणारी फाइल, पाठवावी लागते. हे नाव जोसेफ गर्बर यांचे. तेही व्हिएन्नाचेच. १९४० मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून ते आईसोबत अमेरिकेत पोहोचले आणि पुढे कनेक्टिकटमध्ये त्यांनी आपली कंपनी उभारली. या कंपनीचे फोटोप्लॉटर हे प्लॉटरच होते, फक्त त्यांत पेनाच्या जागी प्रकाशाचा झोत असे आणि कागदाच्या जागी फोटोची फिल्म. दिवा लावून सरकवला की रेघ, जागच्या जागी एकदा चमकवला की पॅड.

गर्बर फाइलमध्ये ‘डी०१’ म्हणजे काढत जा, ‘डी०२’ म्हणजे न काढता सरक आणि ‘डी०३’ म्हणजे इथे एक ठसा उमटव. पहिल्या दोन आज्ञा ‘पेन टेकव’ आणि ‘पेन उचल’ यांच्या सख्ख्या बहिणी आहेत. फिरत्या दिव्याचे ते फोटोप्लॉटर केव्हाच गेले, आता लेझर वापरतात, तरीही भाषेची ठेवण कायम राहिली. त्यामुळे सर्किटचा आराखडा करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून प्लॉटरसाठी फाइल काढणे हा काही ओढूनताणून केलेला उपद्व्याप ठरत नाही. सर्किट बोर्ड आणि प्लॉटर यांचे नाते आधीपासूनच आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

मग अडते कुठे? शाईपाशी

७४७५ए प्लॉटर ०.०२५ मिलिमीटरच्या पटीत हलू शकतो. तेच पेन पुन्हा त्याच बिंदूवर आणले, तर ०.१ मिलिमीटरच्या आत येते. आता बोर्डाची गरज किती, ते पाहू. जुन्या पद्धतीच्या, दोन रांगांत पाय असलेल्या चिपच्या शेजारच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते. पॅड दीड मिलिमीटरचे धरले, तर मध्ये १.०४ मिलिमीटर मोकळी जागा उरते. तिच्यातून एक ट्रॅक न्यायचा, तर ट्रॅकला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींना प्रत्येकी साधारण ०.३५ मिलिमीटर मिळतात. यंत्राची ०.१ मिलिमीटरची चूक यात सहज सामावते. विजेच्या दृष्टीनेही हे पुरेसे आहे: ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा सुमारे ०.३ मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक एक अँपिअर प्रवाह वाहताना साधारण दहा अंश सेल्सियसने तापतो.

पण ही ०.३५ मिलिमीटरची रेघ शाईने काढायची आहे, आणि तीही तांब्यावर. कागद शाई शोषतो आणि जिथल्या तिथे धरून ठेवतो. तांबे काहीच शोषत नाही. शाई पृष्ठभागावर तशीच उभी राहते आणि वाळेपर्यंत पसरत राहते. मेंदीचा कोन हाताळणाऱ्या मुलीला हे कोणी शिकवावे लागत नाही: हात रेंगाळला की रेघ फुगते, घाई केली की ती विरळ होऊन मध्येच तुटते, आणि दाब व वेग यांचा मेळ बसला की एकसारखी उमटते. प्लॉटरला हा मेळ आपल्याला आकड्यांत सांगावा लागतो. कागदासाठी हे यंत्र सेकंदाला ३८ सेंटिमीटरपर्यंत पेन पळवते. तांब्यावर तो वेग सेकंदाला एक-दोन सेंटिमीटरपर्यंत उतरवावा लागतो, आणि कोपऱ्यावर पेन क्षणभर थबकते तिथे थेंब साचणार, हेही गृहीत धरावे लागते.

शाई कोणती, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. प्लॉटरसोबत येणाऱ्या कागदाच्या पेनांची शाई पाण्यात विरघळणारी असते. तांब्यावर ती नीट चिकटत नाही आणि द्रावणात धुऊन जाते. म्हणून अल्कोहोलसारख्या द्रावकातली, वाळल्यावर राळेचा पातळ पापुद्रा मागे ठेवणारी कायमस्वरूपी मार्करची शाई लागते. स्टेडलरचे ल्युमोकलर किंवा एडिंगचे मार्कर या कामासाठी फार पूर्वीपासून वापरले जातात. यंत्राच्या पेनाचा आकार ठरलेला असल्याने अशा मार्करसाठी मधला जोडभाग करावा लागतो. आता तो थ्री-डी प्रिंटरवर सहज तयार होतो.

तांब्यावर बोटांचे तेल लागलेले असेल, तर कोणतीही शाई टिकत नाही. बारीक घासणीने पृष्ठभाग एकसारखा मंद होईपर्यंत घासावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि त्यानंतर बोर्ड फक्त कडांनी धरावा. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण बोर्ड नासण्याची निम्मी कारणे इथेच मिटतात.

शाईचा एकच हात दिला, तर वाळल्यावर तिच्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात आणि द्रावण तिथून आत शिरते. त्यामुळे पहिला हात पूर्ण वाळल्यावर तीच रेघ दुसऱ्यांदा काढतात. इथे जुन्या प्लॉटरचे बळ दिसते: माणसाचा हात दुसऱ्यांदा बरोबर त्याच रेघेवरून जाऊ शकत नाही, यंत्र जाते.

आराखड्यात पेनाची रुंदी सांगावी लागते, आणि पॅड भरताना सॉफ्टवेअर कडेपासून त्या रुंदीच्या निम्म्याने आत सरकून रेषा आखते. पेनावर ०.३ लिहिले आहे म्हणून आपण ०.३ सांगितले आणि तांब्यावर रेघ ०.५ ची उमटली, तर प्रत्येक कड ०.१ मिलिमीटरने बाहेर सरकते आणि समोरासमोरच्या दोन पॅडांमधली फट ०.२ ने घटते. त्यासाठी आधी टाकाऊ तांब्यावर वेगवेगळ्या वेगांनी रेघा ओढाव्यात, वाळल्यावर त्यांची रुंदी भिंगाखाली मोजावी आणि तो आकडा सॉफ्टवेअरला द्यावा. एचिंगच्या वेळी द्रावण शाईच्या कडेखालूनही थोडे तांबे खाते. दोन्ही बाजूंनी मिळून हे नुकसान थराच्या जाडीच्या एक-दोन पट धरून चालावे, म्हणजे रेघ अगदी बारीक ठेवण्याचा मोह टळतो.

कोणताही प्लॉटर चालतो का?

नाही. ७४७५ए सारख्या यंत्रात पेन फक्त एका दिशेने सरकते आणि दुसऱ्या दिशेची हालचाल कागद करतो. खरखरीत चाकांमध्ये कडेला धरलेला कागद पुढे-मागे धावतो. दीड मिलिमीटरचा कडक बोर्ड या चाकांतून जाणार नाही. अशा यंत्रावर फार तर लवचीक, कागदासारखे पातळ कॉपर क्लॅड चालते, किंवा मग पारदर्शक ड्राफ्टिंग फिल्मवर गडद शाईने सर्किट काढून ती फिल्म प्रकाशसंवेदी थर असलेल्या बोर्डावर ठेवतात आणि अतिनील प्रकाश देतात. कारखान्याच्या पद्धतीशी हे बरेच जुळते.

थेट तांब्यावर काढण्यासाठी सपाट पाटाचा प्लॉटर हवा. त्यात कागद स्थिर राहतो आणि पेन दोन्ही दिशांनी फिरते. रोलँडची डीएक्सवाय मालिका यासाठी उपयोगी पडते. तिच्यातली काही मॉडेल्स कागदाला स्थिर विद्युतभाराने पाटावर धरतात. कडक बोर्डाला त्याचा उपयोग नाही, म्हणून तो चिकटपट्टीने बसवावा. बोर्डाच्या जाडीमुळे पृष्ठभाग वर येतो आणि पेन उचलल्यावरही घासत जाण्याची शक्यता असते. ०.८ मिलिमीटरचा पातळ बोर्ड घेतला किंवा पेन जोडभागात थोडे वर बसवले की हे टळते.

आणखी एक खबरदारी. सॉफ्टवेअर बोर्डाची खालची बाजू वरून आरपार पाहिल्यासारखी दाखवते. खालच्या तांब्यावर थेट काढताना चित्र आरशातल्यासारखे उलटवावे लागते. हे राहून गेले तर बोर्ड देखणा होतो आणि चिपचे पाय मात्र उलट्या क्रमाने येतात.

लेझर प्रिंटर आणि इस्त्रीने हेच होत असताना प्लॉटर कशाला?

गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने सर्किट छापायचे आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्याची पूड तांब्यावर उतरवायची, ही पद्धत भारतात अधिक रुळलेली आहे, आणि चांगली जमली तर ती मार्करपेक्षा बारीक रेघ देते. हे मान्य करायलाच हवे. तिचा कमकुवत दुवा म्हणजे हे स्थलांतर: इस्त्रीचा दाब कुठे कमी पडला, कागद सोलताना पूड निघाली, किंवा तापल्याने कागद किंचित ताणला गेला, की काम बिघडते. प्लॉटरमध्ये मधला टप्पाच नाही. रेघ जिथे हवी तिथेच जन्मते, आणि तुटली तर तेवढीच पुन्हा काढता येते.

शाईच्या मर्यादेतून सुटण्याची एक वेगळी युक्तीही आहे. सगळ्या तांब्यावर रंगाचा पातळ थर द्यायचा, प्लॉटरमध्ये पेनाऐवजी कठीण धातूची टोकदार सुई बसवायची आणि ट्रॅकच्या भोवतीची फक्त सीमारेषा खरवडायची. द्रावण मग त्या बारीक फटींतलेच तांबे विरघळवते. सुईची रेघ पसरत नाही, विरघळणारे तांबे कितीतरी कमी असते आणि द्रावण अधिक बोर्डांना पुरते. माझ्या मते जुन्या प्लॉटरचा सर्वांत समंजस उपयोग हाच आहे.

काही डॉलरांत कारखान्याचे बोर्ड मिळतात, त्याचे काय?

चीनमधले कारखाने लहान आकाराचे पाच दुतर्फा बोर्ड काही डॉलरांत करून देतात. त्यांत भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा असतो, हिरवे संरक्षक आवरण असते, आणि ०.१५ मिलिमीटरचे ट्रॅक ही तिथे किरकोळ बाब आहे. घरच्या प्लॉटरला यातले काहीच साधत नाही. दोन बाजू जोडायच्या तर भोकातून तार घालून ती दोन्हीकडे डाखावी लागते. पाय अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असलेल्या आधुनिक चिप तर विसराव्यात, कारण तिथली फट शाईच्या एका रेघेपेक्षाही अरुंद असते.

तरीही टपाल, सीमाशुल्क आणि प्रतीक्षा धरली, तर एखादी कल्पना पडताळून पाहण्यासाठी आठवडा-दोन आठवडे जातात. सकाळी आखलेले साधे एकतर्फी सर्किट संध्याकाळी चालू करून पाहता येणे आणि त्यातली चूक सापडली की दुसऱ्या दिवशी सुधारलेला बोर्ड हाती असणे, याचे शिकणाऱ्याला मोठे मोल आहे. आराखड्यात ०.२ आणि ०.४ मिलिमीटर यांत काय फरक पडतो, हे पडद्यावर कळत नाही. दोन ट्रॅक शाईने एकमेकांना चिकटलेले पाहिले की कायमचे कळते.

घरात हे रसायन सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर आहे, पण ती खरोखर घ्यावी लागते. फेरिक क्लोराईड आम्लधर्मी आहे, त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते आणि कपड्यांवर, फरशीवर, मोरीत न निघणारे तपकिरी डाग पाडते. हातमोजे आणि चष्मा घालावा, भांडे प्लास्टिकचे असावे. स्टील आणि ॲल्युमिनियम यांना ते खाऊन टाकते. द्रावण कोमट असेल तर ३५ मायक्रॉन तांबे दहा ते वीस मिनिटांत निघते. जितका जास्त वेळ लागेल तितकी शाई सुटण्याची भीती वाढते, म्हणून भांडे सतत हलवत ठेवावे. भोके पाडताना काचतंतूंची धूळ उडते, तेव्हा मास्क हवाच. पॅडच्या मध्यावर तांबे नसलेला बारीक ठिपका आराखड्यातच ठेवला, तर ०.८ किंवा १ मिलिमीटरचे ड्रिल तिथे आपोआप स्थिरावते.

वापरलेले द्रावण गटारात ओतू नये. फेरिक क्लोराईड स्वतः सांडपाणी शुद्धीकरणातही वापरले जाते, त्यामुळे अनेकांना यात गैर काही वाटत नाही. धोका आहे तो त्यात विरघळलेल्या तांब्याचा: पाण्यातल्या जीवांना ते अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरते. द्रावण बाटलीत साठवून पुन्हा पुन्हा वापरावे. निकामी झाल्यावर त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. तांबे गाळाच्या रूपात खाली बसते, आणि तो गाळ वाळवून घरगुती घातक कचऱ्यात द्यावा.

जुना प्लॉटर मिळालाच नाही तर?

गावोगावच्या रेडियम कटिंगच्या दुकानांत गाड्यांच्या नंबर प्लेटची अक्षरे कापणारे यंत्र असते. ते पेन प्लॉटरचेच वंशज आहे. पेनाच्या जागी पाते आले, पण त्यातली कितीतरी यंत्रे आजही एचपीजीएल जाणतात. कडक बोर्ड त्याच्या चाकांतून जात नाही, पण व्हायनिल जाते, आणि व्हायनिलमधून कापलेले सर्किट तांब्यावर चिकटवले की तेच रेझिस्टचे काम करते. सर्किटची रेखाकृती घेऊन गेल्यास दुकानदाराला त्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. फार अरुंद पट्टी मात्र सोलताना उचलली जाते. म्हणून या मार्गाने बोर्ड करताना ट्रॅक आणि फटी एक मिलिमीटरच्या आसपास ठेवाव्यात आणि पॉवर सप्लाय, रिले किंवा एलईडीची साधी सर्किटेच निवडावीत.